जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा हम आणि आवाज: आधी नॉब फिरवा, मग स्क्रू

कराडला अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सेट टेबलावर आला की पहिली पाच-दहा मिनिटं ते स्क्रूड्रायव्हरला हात लावायचे नाहीत. सेट लावायचे, डोळे मिटायचे आणि व्हॉल्यूमचा नॉब शून्यापासून हळूहळू पुढे न्यायचे, मग तसाच मागे आणायचे. शाळेतून आलेली मी समोरच्या स्टुलावर बसून बघायची. तेवढ्यात त्यांना काय कळतं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आता पुण्यात माझ्या टेबलावर कुणाच्या आजोबांचा सेट आला की मीही तेच करते, आणि आवाजाची किंवा हमची, म्हणजे स्पीकरमधल्या सततच्या ‘घुंऽऽ’ची, तक्रार असेल तर निम्मं निदान तिथेच होतं.

एक फरक मात्र लक्षात घ्या. अण्णांकडे येणारा सेट काल संध्याकाळपर्यंत घरात वाजत असायचा. तुमच्याकडे येतो तो वीस-तीस वर्षं माळ्यावर पडलेला. त्याची पिन सरळ प्लगात घालू नका. जुने कंडेन्सर इतकी वर्षं पडून राहिले की आतून बिघडतात. एकदम २३० व्होल्ट दिले तर आधी कंडेन्सर जातो, मग रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा), आणि नशीब वाईट असेल तर मेन ट्रान्सफॉर्मरही. ट्रान्सफॉर्मर जळाला की तसाच दुसरा मिळवायला जुना बाजार, तपकीर गल्ली आणि लॅमिंग्टन रोड पालथे घालावे लागतात.

सुरुवात जिवापासून

या सेटमध्ये अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी खेळत असतं आणि पिन काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहतं. म्हणून दहा किलोओहमचा, पाच वॅटचा एक रेझिस्टन्स घ्या, त्याला इन्सुलेशनवाले दोन क्लिप लावा आणि तो कायम टेबलावर ठेवा. पिन काढली की फिल्टर कंडेन्सरच्या (डीसी सपाट करणारा मोठा कंडेन्सर) प्लस आणि चेसिसमध्ये (सेटचा पत्र्याचा सांगाडा) तो चार-पाच सेकंद धरायचा, मग मीटर लावून खात्री करायची, मगच हात घालायचा. कंडेन्सरला दोन टप्पे असतील तर दोन्ही रिकामे करायचे. चालू सेटमध्ये मोजताना मीटरचा काळा प्रोब क्लिपने चेसिसला लावून ठेवायचा आणि लाल प्रोब एकाच हातात धरायचा. दुसरा हात पाठीमागे. पायात रबरी चप्पल हवी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेटची जात ओळखणं. व्हॉल्व्हच्या काचेवरचे नंबर वाचा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० असे ‘ई’ने सुरू होणारे असतील तर सेट बहुधा मेन ट्रान्सफॉर्मरचा आहे आणि चेसिस लाइनपासून वेगळी आहे. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ असे ‘यू’वाले दिसले तर तो एसी-डीसी सेट. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) एकाच माळेत असतात आणि लाइनची एक वायर सरळ चेसिसला जोडलेली असते. पिन उलटी बसली की अख्खी चेसिस लाइव्ह. असा सेट लाइनपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय मी उघडत नाही, तुम्हीही उघडू नका. पूर्वीची माणसं तशीच काम करायची, हे मला ठाऊक आहे. त्यांतल्या काहींच्या बोटांवरचे डागही मी पाहिले आहेत. (नंबर वाचताना काच ओल्या फडक्याने पुसू नका. छापलेली अक्षरं इतकी हलकी असतात की एका हातात निघून जातात आणि मग तो व्हॉल्व्ह कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही.)

आता सिरीज बोर्ड. लाइनच्या एका वायरमध्ये साधा तारेचा बल्ब टाकायचा, आधी साठ वॅटचा आणि सगळं ठीक दिसलं की शंभरचा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. सेट लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरं लक्षण. लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंद बल्बवर सेट अर्धा तास तसाच ठेवते आणि दर पाच-दहा मिनिटांनी बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, फिल्टर कंडेन्सरच्या डब्याला बोट लावून बघते. कोमट झाला असेल तर तो गेला, विषय संपला.

मागच्या बाजूला व्होल्टेजची टॅपिंग पट्टी असेल तर तीही बघा. आपल्याकडची लाइन आता २३०-२४० असते आणि पट्टी कुणीतरी २००वर लावून ठेवलेली असते. सगळ्यात वरच्या टॅपिंगवर, बहुतेक २४५ किंवा २५०वर, न्या.

नॉब काय सांगतो

सेट तापला, स्पीकरमधून काहीतरी यायला लागलं. आता स्टेशन लावू नका. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर न्या आणि ऐका.

शून्यावरही ‘घुंऽऽ’ तितकाच ऐकू येत असेल तर दोष नॉबच्या पुढे आहे: पॉवर सप्लाय, आउटपुट व्हॉल्व्ह, किंवा ऑडिओचा पहिला ट्रायोड (आवाज पहिल्यांदा वाढवणारा व्हॉल्व्ह). शून्यावर सेट शांत आहे आणि नॉब वाढवला की हमही वाढतो, तर दोष नॉबच्या मागे किंवा खुद्द नॉबपाशी आहे: डिटेक्टर (सिग्नलमधून आवाज वेगळा करणारा), आयएफ (त्याआधी सिग्नल वाढवणारा भाग), शील्डची वायर (जाळीने झाकलेली), व्हॉल्यूम कंट्रोल. आणि दोन्हीकडे शांत, फक्त स्टेशन लागलं की त्या स्टेशनच्या पाठीमागे हम येतो, तर ती तिसरीच गोष्ट. तिच्याकडे नंतर येऊ.

हे तीन कप्पे एकमेकांत मिसळू देऊ नका. लोक हम आला की सरसकट फिल्टर कंडेन्सर बदलतात. दहातल्या सहा-सात सेटमध्ये तो बरोबरही निघतो, म्हणून सवय लागते. उरलेल्या तीन-चारमध्ये माणूस आठवडाभर भलतीकडेच खणत बसतो.

शून्यावरचा हम

आधी सूर ओळखा. ईझेड ८० किंवा ईझेड ८१ असलेल्या सेटमध्ये लाइनच्या दोन्ही लाटा वापरल्या जातात, त्यामुळे फिल्टरमधून निसटलेला हम १०० हर्ट्झचा असतो. हार्मोनियम वाजवणाऱ्यांना सांगायचं तर खर्जातल्या पांढरी पाचच्या केसभर वर. हीटरमधून किंवा वायरींमधून शिरलेला हम ५० हर्ट्झचा, म्हणजे त्याच्याही खाली एक सप्तक, पोटात जाणवणारा. अण्णा हे कानाने सांगायचे. तुमच्या फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकटचं ॲप असेल तर फोन स्पीकरसमोर धरा, ५० चा आणि १०० चा खांब वेगवेगळा दिसतो. लहान स्पीकर ५० नीट वाजवत नाही, म्हणून कानापेक्षा या खांबांवर विश्वास ठेवा. एसी-डीसी सेटमध्ये मात्र यूवाय ८५ एकच लाट वापरतो, तिथे फिल्टरचा हमही ५० चाच असतो, त्यामुळे ही युक्ती चालत नाही.

शंभरचा खांब उंच असेल तर फिल्टर कंडेन्सर. चेसिसवर उभा ॲल्युमिनियमचा डबा असतो, त्यावर ५०+५० किंवा ३२+३२ मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं असतं. आत दोन कंडेन्सर असतात आणि दोन्हीच्या मध्ये एक वायरवाउंड रेझिस्टन्स किंवा चोक. नवे घेताना ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे घ्या. ‘मोठा घातला तर हम आणखी कमी होईल’ म्हणून पहिल्या जागी २२० टाकू नका. ईझेड ८० ला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे. त्याहून मोठा कंडेन्सर भरताना दर वेळी एवढा करंट ओढतो की व्हॉल्व्हचा कॅथोड काही महिन्यांत झडतो.

जुना कंडेन्सर सर्किटमध्ये तसाच ठेवून त्याच्यावर नवा समांतर लावू नका. हम जातो, पण जुना आतल्या आत गळतच राहतो आणि तापतो. त्याची वायर सोडवा, डबा शोभेला जागेवर राहू द्या आणि नवे कंडेन्सर चेसिसखाली टॅग-स्ट्रिपवर बसवा. आणखी एक बघा. काही सेटमध्ये डब्याचा मायनस सरळ चेसिसला नसतो. डब्याखाली पुठ्ठ्याची चकती असते आणि मायनस शंभर-दोनशे ओहमच्या रेझिस्टन्समधून चेसिसला जातो, कारण आउटपुट व्हॉल्व्हचा निगेटिव्ह बायस (त्याचा करंट आवरणारं व्होल्टेज) तिथूनच घेतलेला असतो. तिथे नव्या कंडेन्सरचा मायनस चेसिसला मारला तर बायस जातो. आधी कागदावर आकृती काढा, मग वायर कापा.

कंडेन्सर नवे आहेत, तरी शून्यावर हम आहे आणि खांब ५० चा आहे? मग व्हॉल्व्ह. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये सोपी परीक्षा आहे: सेट बंद करा, थंड होऊ द्या, ईबीसी ८१ (किंवा तुमच्या सेटमध्ये ऑडिओचा पहिला जो असेल तो) काढा आणि पुन्हा लावा. हम गेला तर तो त्या व्हॉल्व्हमधून किंवा त्याच्या आजूबाजूच्या वायरिंगमधून येत होता. राहिला तर आउटपुट व्हॉल्व्ह किंवा सप्लाय. हीटर आणि कॅथोडमधलं इन्सुलेशन झिजलं की ५० हर्ट्झ सरळ ऑडिओत शिरतो. यावर व्हॉल्व्ह बदलणं एवढाच उपाय. ईसीएल ८२ किंवा ईसीएल ८६ असेल तर पहिला ट्रायोड आणि आउटपुट एकाच काचेत असतात, तिथे ही परीक्षा होत नाही, दुसरा व्हॉल्व्ह घालूनच बघावं लागतं. एसी-डीसी सेटमध्ये एक व्हॉल्व्ह काढला की सगळी माळच विझते, तिथेही हे करू नका.

डायलचा दिवाही बघून घ्या. त्याचं होल्डर वाकून चेसिसला टेकलं की हीटरच्या वायरींचं अर्थिंग चुकीच्या ठिकाणी होतं. मी एका सेटवर दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. शेवटी होल्डरला नखाएवढा कागद लावला आणि हम थांबला.

१९५० च्या आधीचे सेट असतील तर स्पीकरला कित्येकदा कायमचं चुंबक नसून विजेचं असतं, म्हणजे फील्ड कॉईल. ती कॉईलच चोकचं काम करते आणि हम मारायला आत एक छोटं वेढं उलट्या दिशेने जोडलेलं असतं. कुणी स्पीकरचं काम करताना त्याची टोकं अदलाबदल केली असतील तर हम कमी होण्याऐवजी दुप्पट होतो. टोकं उलटी करून बघा.

नॉबबरोबर वाढणारा हम

इथे माझी एक चूक सांगते. अण्णा गेल्यावर मी स्वतंत्रपणे उघडलेला पहिला सेट. लाकडी कॅबिनेट, पुढे सोनेरी जरीचं कापड, उजवीकडे हिरवा डोळा. तक्रार अशी: हम येतो आणि आवाज कमीच होत नाही, अगदी शून्यावरही भांडल्यासारखा बोलतो. मी फिल्टरचे कंडेन्सर बदलले. हम तसाच. कपलिंगचे (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे आवाज नेणारे) बदलले. तसाच. ईबीसी ८१ नवा घातला. तसाच. एकाच रात्री अकरा पार्ट बदलले आणि सेट जसाच्या तसा. नंतर तर कुठला मूळचा आणि कुठला माझा, हेही कळेना.

दुसऱ्या दिवशी उजेडात भिंग घेऊन व्हॉल्यूम कंट्रोल बघितला. त्याला तीन टॅग असतात: एकावर डिटेक्टरकडून सिग्नल येतो, मधला ट्रायोडच्या ग्रिडकडे (व्हॉल्व्हमध्ये आवाज आत घेणारी जाळी) जातो, तिसरा चेसिसला. तिसऱ्या टॅगवर शील्ड वायरची जाळी पिळून डाखलेली होती. वरून सोल्डर मस्त गोल, चमकदार. टूथपिकने हलवली तर जाळी सोल्डरच्या थेंबातून अलगद बाहेर आली. आत काळपट राख, डाख कधी धरलाच नव्हता. कंट्रोलचं खालचं टोक हवेत, म्हणून आवाज शून्यावर जाणार नाही. शील्ड हवेत, म्हणून ती वायर आजूबाजूचा सगळा हम गोळा करणार. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. जाळी खरवडली, रोझीन लावलं, पुन्हा डाखली. सेट शांत झाला.

त्या दिवसापासून नियम: हम आणि ‘आवाज कमी होत नाही’ या दोन तक्रारी एकत्र आल्या की कंडेन्सरला हात लावायच्या आधी कंट्रोलचं अर्थिंग तपासायचं. सेट बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, मीटर ओहमवर ठेवायचा. तिसरा टॅग ते चेसिस जवळजवळ शून्य यायला हवं. शील्डची जाळी ते चेसिस शून्य. कंट्रोलचं पत्र्याचं अंग ते चेसिस शून्य. मग टॅगवरच्या वायरी टूथपिकने हलवत मीटरकडे बघायचं. आकडा नाचला तर सापडलं. आणि दुसरा नियम: एका वेळी एकच पार्ट बदलायचा, बदलला की सेट लावून ऐकायचं, मग पुढचा.

वायरिंग करताना जुन्या वायरी सरळ, नीटनेटक्या करायचा मोह होतो. तो आवरा. ग्रिडची वायर चेसिसला चिकटून आणि हीटरच्या पिळलेल्या जोडीपासून दूर नेलेली असते ती मुद्दाम. ती उचलून वर घेतली की जिथे हम नव्हता तिथे येतो.

स्टेशन लागल्यावरच येणारा हम

पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावलं की बातम्यांच्या मागे हम, दोन स्टेशनांच्या मध्ये काही नाही. हा हम एरियलच्या तारेतून नव्हे, लाइनच्या तारेतून शिरलेल्या सिग्नलमुळे होतो. रेक्टिफायर उघड-मीट करतो त्या तालावर सिग्नल कमी-जास्त होतो आणि त्याचा हम ऐकू येतो. त्यासाठी कारखान्यातच लाइन आणि चेसिसमध्ये किंवा रेक्टिफायरवर ०.०१ मायक्रोफॅरडचा एक मेणाचा कंडेन्सर लावलेला असतो, आणि तो केव्हाच निकामी झालेला असतो. बदलताना दुकानात ‘वाय-टू क्लासचा द्या’ असं स्पष्ट सांगा. लाइन ते चेसिस जोडणारा कंडेन्सर शॉर्ट झाला तर चेसिसवर लाइन येते. वाय क्लासचा कंडेन्सर बिघडला तरी शॉर्ट न होता ओपन व्हावा अशा रीतीने बनवलेला असतो. साधा पॉलिस्टर तिथे लावू नका.

आता हम नसलेला हम. जुन्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल असायची, तेव्हा आसपास फार तर एखादी मोटर असायची. आज प्रत्येक खोलीत एलईडी बल्ब, चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर. मीडियम वेव्हवर यांचा ‘झर्रर्र’ असा आवाज येतो आणि लोक त्यालाच हम म्हणतात. एरियल काढा. आवाज गेला किंवा खूप कमी झाला तर सेट निर्दोष आहे. शेजारी सेलवरचा ट्रान्झिस्टर धरून बघा, त्यातही तोच आवाज येईल. मग घरातले स्विच एकेक बंद करत फिरा. माझ्याकडे स्वयंपाकघरातला एकच दिवा सगळा गोंधळ घालत होता.

आवाज कमी येतो

सगळ्यात आधी सेटला दोन भागांत तोडा. मागे ‘पिकअप’ लिहिलेली दोन भोकं असतात, ग्रामोफोनसाठी. सेट ट्रान्सफॉर्मरचाच आहे याची खात्री करा. फोनच्या दोन्ही वायरींत प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कंडेन्सर घालून फोनमधलं गाणं तिथे द्या. फोन चार्जरला लावलेला नको. एसी-डीसी सेटमध्ये हे करू नका. गाणं दणदणीत वाजलं तर ऑडिओ ठीक आहे, दोष आरएफ-आयएफमध्ये, म्हणजे स्टेशन पकडणाऱ्या भागात. पुटपुटल्यासारखं वाजलं तर ऑडिओत शोधा. बहुतेक वेळा तेच निघतं.

मीटरचे आकडे ईएल ८४ वर, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हवर, घ्या. सातव्या पिनवर प्लेट, २४०-२५० व्होल्टच्या आसपास. नवव्यावर स्क्रीन, तेवढंच किंवा थोडं कमी. तिसऱ्यावर कॅथोड, १३५ ओहमचा रेझिस्टन्स असेल तर सात व्होल्टच्या आसपास. दुसऱ्यावर ग्रिड, शून्य.

दुसऱ्या पिनकडे नीट बघा, कारण या सेटचं निम्मं आयुष्य तिथे ठरतं. ट्रायोडच्या प्लेटवरून ईएल ८४ च्या ग्रिडकडे आवाज नेणारा ०.०१ किंवा ०.०२ चा कपलिंग कंडेन्सर कागद-मेणाचा असतो. तो थोडासा जरी गळला तरी ग्रिडवर दोन-चार व्होल्ट प्लस येतात. व्हॉल्व्ह गरजेपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, आवाज घोगरा होतो, एचटी (ते अडीचशे व्होल्टचं डीसी) खाली बसतं, हम वाढतो आणि अंधारात बघितलं तर प्लेट लालसर दिसते. ग्रिडवर प्लस आढळलं तर कंडेन्सरचं एक टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. प्लस गेलं, तर कंडेन्सर दोषी. ०.०१, ६३० व्होल्टचा पॉलिस्टर घाला. प्लस राहिलं, तर व्हॉल्व्हच्या आत गॅस झाला आहे, तो बदला. कुठलाही जुना सेट माझ्याकडे आला की तक्रार काही का असेना, हा एक कंडेन्सर मी बदलते. बाकीचे एकेक तपासून.

कॅथोडवर शून्य व्होल्ट आणि आवाज नाही: व्हॉल्व्ह चालतच नाही. प्लेटवर शून्य, स्क्रीनवर पूर्ण आणि व्हॉल्व्हमधली स्क्रीनची जाळी लाल: आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी तुटलं. लगेच बंद करा, नाहीतर व्हॉल्व्हही जाईल. प्रायमरी बंद सेटमध्ये काहीशे ओहम दाखवतं. कॅथोडवर सात व्होल्ट आहेत, सगळे आकडे बरोबर, तरी आवाज पातळ: कॅथोडचा इलेक्ट्रोलिटिक, २५ किंवा ५० मायक्रोफॅरडचा, सुकला असणार. हा दोष आकड्यांत दिसतच नाही. १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा एक नवा क्षणभर समांतर धरून बघा. आवाज भरला तर जुना काढून नवा लावा.

ट्रायोडच्या प्लेटचा रेझिस्टन्स २२० किलोओहमचा असतो. कार्बनचे जुने रेझिस्टन्स वर्षागणिक वर चढतात, कधी दुप्पट होतात. एक टोक सोडवून मोजा.

दोन तक्रारी अशा आहेत की ऐकताच दोष कळतो. पहिली: आवाज मध्येच बसतो आणि खोलीतला दिवा लावला किंवा फ्रिज सुरू झाला की टचकन परत येतो. हा कपलिंग कंडेन्सर. आतलं टोक सुटलेलं असतं आणि लाइनच्या झटक्याने क्षणापुरतं चिकटतं. मीटर लावताच आवाज परत येतो, म्हणून मोजून सापडत नाही. सरळ बदला. दुसरी: पंधरा-वीस मिनिटं उत्तम, मग हळूहळू क्षीण आणि घोगरा. यात गरम झाल्यावर ईएल ८४ ची दुसरी पिन पुन्हा मोजा. थंड असताना शून्य आणि आता प्लस दिसेल.

खरखर

नॉब फिरवताना खरखर येते ती कार्बनच्या पट्टीवरच्या घाणीने. कंट्रोलच्या टॅगशेजारच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी घाला, एक छोटा फवारा, मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. सेट बंद, पिन काढलेली. गंज काढायचे तेलकट स्प्रे मारू नका, पट्टी फुगते. तासभर सुकू द्या.

साफ करूनही एकाच जागी आवाज तुटत असेल तर पट्टी झिजली आहे. मीटर मधल्या टॅगवर लावून हळूहळू फिरवा. आकडा एका जागी एकदम पळाला की तीच जागा. बदलताना ५०० के की १ मेग, हे मूळच्यावर वाचा, ‘लॉग’ मागा आणि स्विच मागे जोडलेला असतो तो विसरू नका. काहींना चौथा टॅगही असतो, कमी आवाजात बेस राखण्यासाठी. तो नव्याला नसेल तर सेट वाजतो, पण हळू आवाजात कोरडा वाटतो. अशा वेळी मी जुनाच कंट्रोल उघडून आतली पितळेची बोटं किंचित वाकवते, म्हणजे ती पट्टीच्या न झिजलेल्या रेघेवरून फिरतात. वेळ लागतो, पण त्या नॉबचा मूळ स्पर्श तसाच राहतो.

आणि साफ करून, बदलूनही खरखर परत आली तर कंट्रोलच्या मधल्या टॅगपासून ट्रायोडच्या ग्रिडकडे जाणारा छोटा कंडेन्सर बघा. तो गळला की कंट्रोलवर डीसी येतं आणि डीसी असलेली पट्टी नवी असली तरी खरखरते.

बंद करण्याआधी

काम झालं की सेट कॅबिनेटबाहेरच तीन तास वाजवते, सिरीज बल्बशिवाय. दर अर्ध्या तासाने ईएल ८४ च्या दुसऱ्या पिनचा आकडा. ट्रान्सफॉर्मरला हात टेकवता आला पाहिजे, गरम असला तरी. नव्या-जुन्या कंडेन्सरपैकी एकही तापायला नको.

मग एक कागद: तारीख, कुठला पार्ट बदलला, किती मायक्रोफॅरडचा किंवा ओहमचा, मोजलेले आकडे. तो कॅबिनेटच्या आत बाजूच्या लाकडाला चिकटवते, व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून लांब. अण्णा हे पेन्सिलीने चेसिसवरच लिहायचे. मागच्या वर्षी कराडहून आलेल्या एका सेटमध्ये त्यांच्या अक्षरात ‘कपलिंग बदलला’ असं सापडलं, आणि तो कंडेन्सर खरंच अजून ठीक होता. त्या ओळीवर मी पारदर्शक टेप लावून ठेवली.

एसी-डीसी सेट असेल तर नॉबमधले बारीक स्क्रू बघा. नॉबच्या भोकात खोल बसलेला तो लोखंडी स्क्रू शाफ्टला टेकतो आणि शाफ्ट चेसिसला, म्हणजे तो लाइव्ह असू शकतो. पूर्वी ती भोकं मेणाने बुजवलेली असायची. दुरुस्तीत मेण निघालेलं असतं. मेणबत्तीचे दोन थेंब पुन्हा टाका, मागचं पुठ्ठ्याचं झाकण सगळ्या स्क्रूंसकट लावा आणि मगच सेट ज्याचा त्याच्या हातात द्या.